भोलाचं मौन

जालना जिल्ह्यात हत्ती नाही. असायला जंगल लागतं, आणि आपल्याकडं जंगल म्हणजे टेकडीवरच्या चार बोरी-बाभळी. रोही आहेत, काळवीट आहेत, कधीमधी एखादा बिबट्या गोदाकाठच्या उसात शिरतो आणि आठवडाभर लोकांना बोलायला विषय देतो. पण हत्ती नाही. आणि तरीही या जिल्ह्याला हत्तीचा डॉक्टर आधी मिळाला आणि हत्ती नंतर आला. सरकारी कामात एवढी दूरदृष्टी क्वचितच बघायला मिळते.

डॉक्टरचं नाव देवानंद खरात. बदनापूरचा माणूस, नोकरी अंबड तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात. तो नवा नवा होता तेव्हा वरून हुकूम आला, की वन्यप्राण्यांच्या उपचाराचं शिक्षण घ्यायला एक जण केरळला पाठवा. बाकीच्यांना संसार होता, शेत होतं. देवानंदचं लग्न व्हायचं होतं. झालं, तेवढ्या पात्रतेवर तो गेला. तिथं देवळादेवळांत साखळदंडाला बांधलेले हत्ती. कुणी माहुताला सोंडेनं फेकलेलं, कुणी मिरवणुकीत माणूस तुडवलेला. त्यांच्या पायाचे फोड कसे कापायचे, लांबून नळीतून सुई कशी फुंकायची, कुठं उभं राहायचं आणि मुख्य म्हणजे कुठं उभं राहायचं नाही, हे सगळं तो शिकला आणि परत येऊन गाईंना लंपीच्या लसी टोचायला लागला. कचेरीत चहा आला की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय हत्तीवाले डॉक्टर, आज किती हत्ती तपासले?" देवानंद हसायचा. हत्ती तिकडं आणि आपण इकडं, याचा त्याला मनातून आनंदच होता. हत्तीची त्याला जबरदस्त भीती वाटायची. ज्यानं हत्ती जवळून बघितलाय त्याला ती वाटतेच, पण हे त्यानं कचेरीत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मग भोला आला.

अंकुशनगरच्या कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या जातात त्या बाजूला एक टेकडी आहे आणि टेकडीवर एक संस्थान. त्याचे अध्यक्ष तातेराव. बागाईतदार माणूस, सढळ हाताचा, डोळ्यांत पटकन पाणी येणारा. तातेराव लबाड असते तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. पण माणूस मनानं इतका स्वच्छ, की त्याच्याशी भांडायची सोय नाही. लांबच्या कुण्या भक्तानं संस्थानाला हत्ती दान दिला, तेव्हा तातेरावांनी ट्रकमधून उतरलेल्या त्या जनावराच्या पायावर डोकं ठेवलं आणि गावजेवण घातलं. दान देणाऱ्यानं एवढंच सांगितलं नव्हतं, की या हत्तीनं आपल्या माहुताला भिंतीशी चेपून मारलं होतं आणि तिकडं त्याला ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

हे देवानंदला सांगितलं राधेश्यामनं. राधेश्याम म्हणजे भोलाबरोबर आलेला नवा माहूत, उत्तर प्रदेशचा. चेपून मेला तो त्याचा सख्खा चुलता.

"चाचा की गलती थी साहब," तो म्हणाला. "भोला का मन नहीं था, चाचा ने जबरदस्ती की. जानवर का क्या दोष?"

हे सांगताना तो भोलाच्या पुढच्या दोन पायांच्या मधे बसून तंबाखू मळत होता. देवानंद त्याला म्हणाला, बाबा, हीच गोष्ट तू इकडं येऊन सांगितलीस तरी मला ऐकू येईल.

एका खात्यानं सांगितलं, हत्ती आमच्या अखत्यारीत, पण आमच्याकडं डॉक्टर नाही. दुसऱ्या खात्यानं सांगितलं, डॉक्टर आमच्याकडं आहे, पण हत्ती आमचा नाही. या भांडणातून वाट काढत देवानंद आपला मोटारसायकलवर टेकडीला जायला लागला. भोलाच्या डाव्या पायाच्या नखाखाली पू झालेला. देवानंदनं पहिलं काम काय केलं, तर जमिनीत दोन जाड लोखंडी खांब पुरून घेतले. राधेश्याम भोलाला पाय उचलायला लावायचा, तो पाय खांबांच्या मधे ओंडक्यावर यायचा, आणि देवानंद अलीकडून हात घालून औषधाच्या लाल पाण्यानं जखम धुवायचा, सडकं कापायचा, सुई द्यायचा. भोला सगळं सहन करायचा आणि काहीही विसरायचा नाही. देवानंदची गाडी चढाला लागली की तो कान फाकवायचा, सोंड उंच करून वास घ्यायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, "बघा, डॉक्टरसाहेबाला सलाम करून राह्यला." देवानंदला माहीत होतं, की या अख्ख्या जिल्ह्यात भोलाचा एकाच माणसावर राग आहे आणि तो माणूस आपण. पण सलाम म्हणणाऱ्यांना काय सांगणार? तो आपला खांबाच्या अलीकडून हात जोडायचा.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी उसाचा हंगाम जोरात आला. ट्रॉलीवाले जाता जाता उसाची मोळीच्या मोळी टाकायचे. बाया पुरणपोळ्या आणायच्या, गुळाचे खडे, पेढे. भोला नुसता फुगत गेला. आणि माघ लागता लागता त्याच्या डोळ्याच्या आणि कानाच्या मधल्या जागेतून काळपट, चिकट पाणी गळायला लागलं. गालावरून ओघळून तोंडापर्यंत यायला लागलं.

नर हत्ती माजावर आला की असं होतं. महिना-दोन महिने, कधी जास्तही, तो मग कुणाचाच नसतो. ज्याच्या हातानं जन्मभर खाल्लं त्यालाही ओळख देत नाही. केरळात या दिवसांत हत्तीला पक्का बांधून ठेवतात, गोडधोड बंद करतात, चारा लांबून ढकलतात, आणि वाट बघतात. दुसरं औषध नाही. वाट बघणं हेच औषध, आणि ते आपल्या लोकांना पचत नाही.

टेकडीवर त्या पाण्याचा वेगळाच अर्थ निघाला. संध्याकाळचं भजन चालू होतं. सोनूबाई नावाची एक म्हातारी रोज भोलासमोर बसून टाळ वाजवायची, तिच्या ते ध्यानात आलं.

"अगं माय, भोला रडून राह्यला," ती म्हणाली. "भजन आइकून रडून राह्यला."

घ्या. दुसऱ्या दिवसापासून रांग. लोक काठीला कापूस बांधून ते पाणी टिपायला लागले, बाटलीत भरून न्यायला लागले. सोनूबाईनं ते डोळ्याला लावलं आणि आता स्पष्ट दिसतंय असं जाहीर केलं. काय दिसतंय ते कुणी विचारलं नाही. भजनी मंडळाला वाटलं हा आपल्या गळ्याचा गुण, म्हणून त्यांनी कर्ण्याचं तोंड भोलाकडं फिरवलं. त्या आवाजानं भोला साखळी ओढायचा, डोकं झटकायचा. लोक म्हणायचे, तल्लीन झाला.

देवानंद पोचला तेव्हा राधेश्याम लोकांच्या हातातले पेढे घेऊन भोलाच्या तोंडात घालत होता. पेढा आत गेला की तो हात झटक्यात मागं ओढायचा, आणि ते एकट्या देवानंदला दिसलं. त्यानं राधेश्यामला बाजूला घेतलं.

"हे काय चाललंय, तुला माहीत आहे ना?"

"मालूम है साहब."

"मग?"

"तात्या बोले, भगवान रो रहा है, तू पास जा. अब मैं कैसे बोलूं, मैं डरता हूं? माहूत डर गया तो माहूत काहे का?"

देवानंद तडक तातेरावांकडं गेला. "तात्या, हत्ती माजावर आलाय. जवळ जाईल त्याला मारील. राधेश्यामला आधी मारील, कारण तोच सगळ्यांत जवळ असतो."

तातेराव दुखावले. "डॉक्टरसाहेब, आमच्या बैलाला तुमी काय म्हणायचं ते म्हणा. पण देवाच्या दारातल्या जनावराला माज म्हणता?"

"त्या पाण्याचा वास तरी बघा."

"बघितला की. कस्तुरीवानी हाय."

देवानंदनं मग सगळं समजावून सांगितलं. कातडीखाली ग्रंथी कुठं असते, रक्तात काय वाढतं, हत्ती कोणत्या दिवसांत असा होतो, केरळात काय काय बघितलं. तातेराव मन लावून ऐकत होते, मान हलवत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजे भजनाचा टाइम वाढवावा म्हणता?"

देवानंदला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात त्याची नजर भोलाकडं गेली. राधेश्याम पुरणपोळ्यांचं ताट घेऊन पुन्हा पुढं निघाला होता. भोलाची सोंड हलायची थांबली होती, कान ताठ झाले होते. केरळात हे चिन्ह देवानंदनं एकदाच बघितलं होतं, आणि त्यानंतर जे बघितलं ते त्याला पुन्हा बघायचं नव्हतं. त्याच्या तोंडातून वाक्य निघून गेलं.

"तात्या, त्यानं मौन धरलंय."

तातेराव चमकले. "काय म्हणता?"

आता मागं फिरायची सोय नव्हती. "मौन. कडक व्रत. अशा वेळी त्याच्या साखळीच्या टप्प्यात कुणी जायचं नसतं, माहुतानं बी नाही. गोड चालत नाही. वाळला कडबा, पाणी, तेही लांबून. कर्णा नाही, टाळ नाही, काही नाही. नाहीतर व्रत मोडतं."

"आसं सांगा ना मंग," तातेराव हळहळून म्हणाले. "आन आमी येड्यावानी पेढे चारून राह्यलो. ए राधेश्याम, जल्दी मागं हो."

राधेश्याम मागं झाला. "कवर चालतं हे?" तातेरावांनी विचारलं. देवानंद म्हणाला, हे पाणी थांबेपर्यंत. एवढं एक तरी त्यानं खरं सांगितलं.

ग्रंथी, रक्त, केरळ यानं जे झालं नव्हतं ते एका शब्दानं दुपारपर्यंत झालं. भोलाच्या टप्प्याभोवती दोरखंड बांधला गेला, पाट्या लागल्या, कर्णा उतरला. टेकडीवर इतकी शांतता त्या संस्थानाच्या हयातीत कधी झाली नव्हती. राधेश्याम लांब बांबूनं कडबा ढकलायचा, पाइपनं पाणी सोडायचा. सोनूबाईनं भोलाबरोबर स्वतःही मौन धरलं, आणि तिच्या सुना दुरून भोलाला हात जोडून गेल्या, ते अगदी मनापासून.

बदनापूरच्या बाजारात ही गोष्ट देवानंदच्या आईच्या कानावर गेली. चांगुणाबाई. जिच्या घरात नवस नाही, उपास नाही, अंगारा नाही, आणि दुसऱ्याच्या घरात असला तर ती तोंडावर सांगायला कमी करत नाही.

"तुला डॉक्टर केलं ते हत्तीला उपास सांगायला व्हय?"

"आई, माणूस मेला असता."

"मंग तसं सांगायचं."

"सांगितलं. न्हाई ऐकत."

"मंग आणिक सांगायचं. ऐकस्तोवर सांगायचं. आपल्याला काय खोटं बोलून लोकं वाचवायला शिकवलं का कुणी?"

चांगुणाबाई मग बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही. खोटं बोलल्याची टोचणी त्यालाही होतीच. पण टेकडीवर गेलं, की बांबूच्या या टोकाला राधेश्याम धडधाकट उभा दिसायचा, आणि टोचणी थोडी बोथट व्हायची. खरं सांगायचं तर त्याला मनातल्या मनात थोडा अभिमानही वाटायला लागला होता. माणूस आहे, वाटणारच.

हा अभिमान फार टिकला नाही. एके दिवशी तातेराव पेढ्याचा डबा घेऊन दवाखान्यात आले आणि म्हणाले, सप्ताह बसतोय, काल्याच्या दिवशी भोलाचं मौन सोडायचं ठरलंय.

"पाणी थांबलं का त्याचं?"

"थांबंल की. व्रताला तिथी नको का डॉक्टरसाहेब? लोकं येणार कवा? महाराज ठरले, मांडव ठरला, पत्रिका गेल्या. आन पह्यला घास तुमच्या हातानं. तुमीच वळखलं त्याचं मौन. तुमाला बघून सलाम करतो त्यो, सगळ्यांनी बघितलंय."

भोला अजून पुरता माजावर होता, आणि त्याला ज्या एका माणसाला टप्प्यात घ्यायचं होतं तोच माणूस ताटात गूळ घेऊन जाणार होता.

"मी आलो नाही तर?"

"आसं कसं? बरं, न्हाईच जमलं तर राधेश्याम हाय. त्यो तर घरचाच."

आता सांगा, काय करायचं माणसानं? गुंगीची सुई मारावी, तर अर्धवट गुंगीतला हत्ती शुद्धीतल्यापेक्षा वाईट, आणि पुरती गुंगी आली तर छातीवर कोसळून गुदमरून मरतो. पोलिसांत जावं, तर बंदोबस्ताचे साहेबच काल्याचा प्रसाद घ्यायला येणार होते. देवानंदनं वर कळवलं. वरून उत्तर आलं, की श्रद्धेचा विषय आहे, आपण आपल्या पातळीवर सामंजस्यानं हाताळावं. तो राधेश्यामलाही बोलला: तू नाही म्हण, निघून जा चार दिवस. राधेश्याम म्हणाला, "हजारो लोगों के सामने आप नहीं गए तो मुझे जाना पड़ेगा साहब. नहीं गया तो कल से मुझे माहूत कौन बोलेगा?"

शेवटी देवानंदनं आईचा सल्ला घ्यायचं ठरवलं. म्हणजे तिनं दिलेलाच. खरं सांगायचं.

काल्याच्या दिवशी टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अंतरवाली, वडीगोद्री, आसपासची सगळी माणसं आलेली. मांडव टाकणाऱ्यांनी हौसेनं एक चंदेरी चौरंग दोरखंडाच्या आत नेऊन ठेवला होता, घास देणाऱ्याला उभं राहायला. भोला लिंबाखाली, पुढचा एक आणि मागचा एक पाय साखळीत. दोन्ही गालांवरून काळे ओघळ. राधेश्याम नवं धोतर नेसून दोरखंडाशी उभा.

देवानंदनं माइक घेतला. "मी तुमच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "भोलाचं मौन वगैरे काही नाही. तो रडत नाही. तो माजावर आहे. आज जवळ गेलेला माणूस मरेल. माझ्या चुकीची मला शिक्षा करा, पण जवळ कुणी जाऊ नका."

मग तातेरावांनी डोळे पुसले, माइक आपल्याकडं घेतला आणि म्हणाले, "बघा मंडळी. येवढा शिकलेला माणूस, पण आंगात किती नम्रपणा. मोठेपणा घ्यायचा न्हाई म्हणून सोताला खोटं म्हणून राह्यला." आणि टाळ्या पडल्या. जिंदगीत देवानंदसाठी एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

ताट त्याच्या हातात आलं. त्यात चांदीचा वर्ख लावलेला गुळाचा मोठा खडा, वर तुळशीचं पान. वाजंत्री सुरू झाली. देवानंद दोरखंडाच्या अलीकडंच राहिला. तो थांबलेला बघून राधेश्यामनं हलकेच ताटाच्या कडेला हात लावला. "दीजिए साहब, मैं देता हूं," तो पुटपुटला. त्याच्या ओठावर घाम होता.

त्या हाताकडं बघून देवानंदच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. खोटं लोकांनी ऐकलं होतं, खऱ्याला टाळ्या दिल्या होत्या. बोलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. त्यानं तुळशीचं पान बाजूला केलं, गुळाचा खडा उचलला, आणि सगळ्यांच्या देखत त्याचा कचकन चावा घेतला.

वाजंत्री थांबली. एवढं तर लहान लेकराला कळतं, की देवाला दाखवायच्या आधी नैवेद्याला तोंड लावायचं नाही. उष्टा नैवेद्य देवाच्या हत्तीला चालत नाही. देवानंद चावत होता. गूळ चिकट होता, लवकर गिळला जाईना, आणि हजारो माणसं त्याचं चावणं बघत होती. त्यानं आणखी एक चावा घेतला, काही शंका राहू नये म्हणून.

"हे काय केलं तुमी?" तातेराव म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. राधेश्यामनं कपाळावर हात मारला, शरमेनं तोंड फिरवलं आणि दोरखंड सोडून पार मांडवाच्या मागं चालत गेला. गर्दीतून आवाज यायला लागले. कुणी म्हणालं, याला वेड लागलं. कुणी देवानंदच्या घराण्याचं, जातीचं नाव काढलं आणि म्हणालं, शेवटी हे आसंच. हे त्याला ऐकू आलं. त्या टाळ्यांच्या मानानं ते त्याला जास्त ओळखीचं होतं.

तातेरावांनी त्याच्या हातातलं ताट हिसकलं आणि संतापानं दोरखंडाच्या आत भिरकावलं. ते चौरंगावर आदळून खणखणलं. भोलानं मुसंडी मारली. पुढच्या पायाची साखळी दोरीसारखी तुटली. त्यानं चौरंग ओढून घेतला, पायाखाली घेतला, आणि नुसता तुडवला नाही, गुडघे टेकून जमिनीत रगडला. मग उठून पुन्हा रगडला. मागच्या पायाच्या साखळीनं धरून ठेवलं म्हणून तो तिथंच राहिला. लोक पळाले, पडले, चार जणांचे गुडघे फुटले. त्याच्यापलीकडं कुणाला काही झालं नाही. चौरंगावर कुणी नव्हतं.

तुम्हाला वाटेल, आता तरी लोकांना पटलं असेल. पटलं. त्यांना पटलं, की डॉक्टरनं नैवेद्य उष्टा केला म्हणून भोला कोपला. सोनूबाई तर मौन मोडून म्हणाली, की चौरंग तुडवताना भोला सारखा डॉक्टरकडंच बघून राह्यल्ता. हे मात्र खरं होतं.

संस्थाननं तक्रार केली. देवानंदची बदली भोकरदन तालुक्याच्या पार टोकाला झाली. बदनापूरहून रोज जाणं-येणं म्हणजे कंबरेचा खुळखुळा, आणि आईला एकटं सोडून तिकडं राहावं तर तिचं वय झालेलं. तो घरी आला त्या दिवशी चांगुणाबाईनं सगळं ऐकून घेतलं. एका जागी तिची मान ताठ झाली, ते घराण्याच्या बोलण्यापाशी. मग तिनं विचारलं, "गूळ तरी गोड व्हता का?"

"लय गोड," देवानंद म्हणाला. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती.

उन्हाळा सरता सरता एका रविवारी राधेश्याम बदनापूरच्या घरी आला. चेहरा रागानं लाल. देवानंदनं बस म्हटलं तर उंबऱ्याशीच बसला. भोलाचं पाणी कधीच थांबलं होतं, पाय बरा होता, पुन्हा बाळासारखा वागत होता. त्याबरोबर राधेश्यामची भीतीही आटून गेली होती, आणि ती कधी होती हेही तो विसरला होता.

"आपने मेरी नाक काट दी साहब," तो म्हणाला. "मेरे हाथ से खा लेता वो. मुझे क्या करता? मेरा बच्चा है. और अब तात्या ने नियम बना दिया. बोले, हर साल माघ में भोला को वो बात याद आती है, उसका पानी गिरता है. जब तक डॉक्टर आकर माफी नहीं मांगता, माघ में कोई पास नहीं जाएगा. मैं भी नहीं. मिठाई नहीं, भजन नहीं, सब दूर से."

देवानंद एकदम सरळ बसला. "हे कायमचं?"

"कायम का. इसलिए आया हूं. चलिए, एक नारियल फोड़िए, माफी मांगिए. दो शब्द की बात है. तात्या बोले, डॉक्टर झुक गया तो आपकी बदली भी वापस करा देंगे."

चांगुणाबाई चहाचा कप घेऊन बाहेर आली, तो राधेश्यामपुढं ठेवला आणि त्याच्यासमोर बसली.

"तुझा चुलता बी म्हणायचा का रे, मला काय करतो म्हणून?"

तळहातावर तंबाखू मळणारा राधेश्यामचा अंगठा थांबला. "हां," तो म्हणाला. "यही बोलते थे." मग त्यानं तंबाखू तोंडात टाकली, मान झटकली आणि पुन्हा तेच: "वो अलग बात थी. आप चलिए साहब."

"मी माफी मागणार नाही," देवानंद म्हणाला.

"क्यों?"

"नाही मागणार. या जन्मात तरी नाही. जा, सांग तात्यांना."

"इतना घमंड?"

"हो. घमंड."

राधेश्याम चहा तसाच ठेवून उठला. शिकलेल्या लोकांना मन नसतं, असं काहीतरी बोलत स्टेशनच्या वाटेला लागला. गल्लीच्या तोंडाशी थांबून तो मागं वळला, दोन्ही हात हलवून आणखी काहीतरी ओरडला, आणि ताडताड पावलं टाकत निघून गेला. देवानंद दारात उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत त्याचे ते धडधाकट हात-पाय बघत राहिला.